तात्पुरतं

शेडचं दार सरकवलं तेव्हा आधी उंदीर पळाले,
मग आला तुझा वास:
ग्रीस, पाइपातली तंबाखू, भिजून वाळलेलं प्लायवूड.
एकसष्ट सालचा ट्रेलर, साडेतेरा फुटी,
पाठ अंड्यासारखी.
विकायचा म्हणून झाडायला घेतला, एइनार.
आज पाचवा आठवडा.

तुझी बहीण येते रोज सकाळी सातला
थर्मास आणि पहार घेऊन.
सोल्वेग फार बोलत नाही. उपटते.

सिंकखालच्या फळीला तू लावलेस आठ स्क्रू,
आठही वेगळ्या मापांचे.
दिव्याची वायर जोडलीस
बोटाला लावायच्या चिकटपट्टीनं.
"हा जळला कसा नाही?" सोल्वेग म्हणते,
आणि मग, वळून न बघता,
"माझ्या सायकलची चेनही यानं सुतळीनं बांधली होती.
सात वर्षांची होते मी. चर्चपर्यंत टिकली."

तुझा शब्द एकच होता.
तात्पुरतं करून ठेवतो,
पुढच्या उन्हाळ्यात नीट करू.
टेबलाचा चौथा पाय म्हणजे झाडूचा दांडा,
ऐंशी सालापासून तात्पुरता.
मिनोटहून येताना खिडकीची काच गेली,
तिथं तू ठोकलास बेकिंगचा ट्रे,
माझा,
जो मी अकरा वर्षं शोधत होते
आणि ज्यावरून तुझ्या आईवर संशय घेतला.

डॉक्टरांनी छातीला वायरी लावल्या
तेव्हाही नर्सला विचारलंस,
तात्पुरतंच ना?

जमिनीवर तीन थर निघाले लिनोलियमचे:
विटांचं चित्र, त्याखाली तपकिरी,
त्याखाली हिरवं, ज्याच्यावर मी एकदा
ब्लूबेरीचं अख्खं भांडं सांडलं होतं.
डाग अजून आहे. तो मात्र सोल्वेगनं
काही न विचारता कापून बाजूला ठेवला,
आणि मीही विचारलं नाही कशाला.

आता भिंती गेल्या. नुसत्या फासळ्या उरल्यात.
रिव्हेटच्या भोकांतून सूर्यफुलांचं शेत दिसतं
ठिपक्याठिपक्यांनी,
आणि वारा आत येऊन घरच्यासारखा बसतो.

"पलंग किती लांब?" सोल्वेगच्या कानावर पेन्सिल.
पलंग सहा फूट होता, तू सहा फूट चार इंच.
तू कोपऱ्याकोपऱ्यात तिरका झोपायचास,
उरलेला त्रिकोण माझा.
चाळीस उन्हाळे मी त्रिकोणात झोपले.
"पाच फूट सहा पुरे," मी म्हटलं,
"उरलेल्यात कपाट कर."
तिनं फळीवर रेघ मारली.
करवत मात्र जेवणानंतर चालवली.

राहिला होता छताचा तो कोपरा, उशीच्या वर:
कॉफीच्या डब्याचं झाकण, ताडपत्रीचा तुकडा,
आणि वर ओतलेलं काळं डांबर,
तुझ्या सगळ्या पापांचा मेरुमणी.
खरवडायला अर्धा दिवस गेला.
सोल्वेगचं नख निघालं, माझा चष्मा बरबटला,
दोघींनी मिळून तुला जे म्हटलं
ते पाद्रीबाईंना कळायला नको.

मग झाकण सुटलं.

आत बर्चचं लाकूड कोरडं,
मधाच्या रंगाचं,
त्यावर कारखान्यातल्या कुणा सुताराचा
पेन्सिलीतला आकडा, चौदा,
जणू तो सुतार जेवायला गेलाय.
साऱ्या ट्रेलरमध्ये एवढीच जागा
कुजली नव्हती.

सोल्वेग बादली उपडी करून बसली.
थर्मासचं टोपण भरलं, प्यायली नाही.
"उघडायला नको होतं," म्हणाली.
बऱ्याच वेळानं: "डांबर कुठून आणायचा तो?"
मी सांगितलं, रस्त्यावाल्यांकडून, मागून.
बियर देऊन.

ती पिकअपकडे निघाली.
पश्चिमेला आभाळ शिशासारखं झालं होतं.
इंजिन चालू करून तिनं काच खाली केली, ओरडली,
"मी येईपर्यंत वर काहीतरी घाल,
तात्पुरतं,"
आणि स्वतःच थबकली.

मी झाकण पालथं घातलं
आणि वर हात धरून उभी राहिले.